वहिनीचं बाळंतपण, मिठूच्या नावावर

मिठूने लिहिलेलं ते सगळ्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. आपण वाचलंच नाही असं सांगणाऱ्या सासूबाईंनी तर दोनदा. म्हणून रविवारी दुपारी लाँड्रीचं शटर अर्धं ओढून सगळे आतल्या मोठ्या इस्त्रीच्या टेबलाभोवती जमले. या घरात भांडायचं ते याच टेबलाशी, आणि भांडतानाही हात रिकामे ठेवायचे नाहीत, हा आजेसासऱ्यांच्या काळापासूनचा दंडक. दुकानाची वाटणी इथेच निघाली आणि इथेच टळली, उशांचे अभ्रे दुमडता दुमडता. आजही प्रत्येकापुढे घड्या घालायचा एकेक ढीग होता.

थोरल्या सुनेपुढे टॉवेल आले होते. ती प्रत्येक टॉवेल असा आपटून दुमडत होती की बाबा, म्हणजे तिचे सासरे, दर वेळी दचकत होते.

"वहिनी, तू आधी माझं ऐकून तर घे," मिठू म्हणाली.

"ऐकतेय. पंधरा दिवस सगळं जग तुझंच ऐकतंय. मीच राहिले होते."

मिठू ही घरची एकुलती लेक, दोन भावांच्या मधली. लहानपणी बोलायला फार लवकर लागली म्हणून मिठू, ती पस्तिशीला आली तरी मिठूच. दिवसा जाहिरातींच्या ऑफिसात नोकरी आणि संध्याकाळी 'तिचं ऐका' नावाच्या चळवळीचं काम. बाळंतपणात बायकांच्या जिवावर बेततं ते बरेचदा कुणी त्यांचं ऐकत नाही म्हणून, तेव्हा बायकांनी आपापली गोष्ट आपल्या तोंडाने मोबाइलवर जगाला सांगायची, आणि त्या जोरावर दवाखान्यांना नियम बदलायला लावायचे, असं ते काम. काम चांगलंच होतं. थोरलीला त्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पण चळवळीच्या पानावर नंतर गोष्टी येईनाशा झाल्या, आणि मिठूने मग घरातलीच एक उचलली. नऊ वर्षांपूर्वी थोरलीला मुलगी झाली, त्या दिवशीची. आणि लिहिली कशी? तर 'मी' म्हणून.

हजारो लोकांनी ती वाचली. बायका रडल्या, पुरुषांनी माफ्या मागितल्या. आणि काल मिठूच्या कॉलेजातल्या कुणीतरी खाली लिहिलं, 'हिचं तर लग्नही झालेलं नाही, ही बाळंत कधी झाली?' झालं. कालपासून चळवळ खोटी, सगळ्या गोष्टी खोट्या, बायका प्रसिद्धीसाठी काहीही लिहितात, असा धुरळा उडाला होता. आज सहा वाजता मिठूने सगळ्यांसमोर लाइव्ह येऊन उत्तर द्यायचं ठरलं होतं. शेजारी वहिनी हवी होती. वहिनीने फक्त म्हणायचं होतं की मीच हिला लिहायला सांगितलं.

"फक्त!" थोरली म्हणाली.

"एक वाक्य तर आहे," तिचा नवरा म्हणाला. तो चादरी दुमडत होता आणि दोन्हीकडे बघून हसत होता. "म्हणजे बघ, तुझंही बरोबर आहे, तिचंही बरोबर आहे."

"अहो, तुम्ही घड्या घाला."

त्याने घड्या घातल्या. भांडणात पडायचं नाही आणि बाहेरही जायचं नाही, ही त्याची आयुष्यभराची कमाई होती.

"मला एवढंच सांगा," बाबा म्हणाले, "त्यात हॉटेलचं नाव नाही ना? अजून आपलं गिऱ्हाईक आहे ते."

"नाही हो बाबा, नाव कुठलंच नाही."

"मग ठीक आहे." बाबांपुरता प्रश्न मिटला.

"ठीक काय?" सासूबाई कडाडल्या. "मी काही वाचलेलं नाही. पण 'दाराबाहेर माझी माणसं हसत होती' असं लिहिलंय म्हणे. कोण हसत होतं गं? मी हसत होते? तिथे उभी राहून माझे पाय मोडले होते!"

"आई, नंतर हसता ना तुम्ही सगळे? दर वाढदिवसाला?"

हे मात्र खरं होतं. त्या दिवशी दवाखान्यातल्या चादरी संपल्या, घरून आणा म्हणाले. बाबांच्या व्हॅनमध्ये हॉटेलला पोचवायचा गठ्ठा होता, तो त्यांनी तसाच आत दिला. दुसऱ्या दिवशी हॉटेलचा मॅनेजर दुकानात येऊन नाचला, आमच्या पाहुण्यांनी काय नुसत्या गादीवर झोपायचं? त्यावर बाबा म्हणाले, 'साहेब, तुमचे पाहुणे दोन दिवसांनी जातील, माझी पाहुणी जन्माची आलीय.' केक कापून झाला की बाबांनी हे सांगायचं, मॅनेजरची नक्कल करायची आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं, असा नऊ वर्षांचा रिवाज. या घराला कशाचीही गंमत करता येत होती. एवढ्या चादरी आत कशाला लागल्या, हे नऊ वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. थोरलीही हसायची. केकच्या पुढ्यात बसून दुसरं काय करणार?

"बरोबर आहे थोरलीचं," सासूबाई म्हणाल्या. "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर नेल्यास. काढून टाक ते."

सासूबाई आपल्या बाजूने आल्याचा थोरलीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या बाजूने आल्या की पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असतं हा तिचा अनुभव.

"काढलं तर सगळं संपलं, आई! लोक म्हणतील, बघा, खोटंच होतं. बाकीच्या बायकांनी खरं लिहिलंय गं. त्यांना काय उत्तर देऊ?" मिठूचे डोळे भरून आले होते. तिने मोबाइल खिडकीशी बसलेल्या थोरलीच्या धाकट्या जावेपुढे धरला. "छोटी वहिनी, तू बघ ना. बघ किती बायकांनी लिहिलंय, 'माझंही असंच झालं.'"

धाकटीला आठवा संपत आला होता. तिचा नवरा नव्या मशीनचे भाग आणायला कालपासून दुसऱ्या शहरात गेला होता. ती उजेडाकडे पाठ करून, कपाळावर ओला रुमाल धरून बसली होती. तिने मोबाइल हळूच बाजूला सारला.

"तूच वाच ना. मला आज अक्षरं नुसती हलतायत."

"मोबाइल बघून बघून," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही. तर काय म्हणत होते मी?"

"काढून टाक म्हणत होतीस," बाबांनी आठवण करून दिली.

थोरलीने ते ऐकलं. म्हणजे कानावर पडलं. पण ती त्या क्षणी आपल्या रागात इतकी गुंतली होती की तिला समोरची जाऊ दिसलीच नाही. पुढे कित्येक दिवस तिला याचंच वाईट वाटायचं होतं.

"मिठू, मला एक सांग," ती म्हणाली. "'मी' असं कशाला लिहिलंस? 'माझ्या वहिनीला' असं लिहिता आलं नसतं?"

"'माझ्या वहिनीला' लिहिलं की लोक पुढे सरकतात. 'मला' लिहिलं की थांबतात." मिठू नाक पुसत म्हणाली. "आणि तुझं नाव यायला नको म्हणूनच ना! तुला त्रास नको म्हणून."

"किती काळजी माझी! विचारायचं नाही, पण काळजी घ्यायची."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग?"

"मग काय मग? त्यालाच विचारणं म्हणतात ना!" टॉवेल टेबलावर आपटला गेला. "आणि लिहायचं तर धड तरी लिहायचं. 'परक्या चादरींवर मी विझत चालले होते' म्हणे. विझत बिझत काही नव्हते मी. मला थंडी वाजत होती. दात वाजत होते. आणि सारखं शी लागल्यासारखं वाटत होतं. हे लिही की!"

बाबांनी घसा खाकरला. नवऱ्याने चादरीत तोंड घातलं.

"जेवून उठलोय आत्ता," सासूबाई म्हणाल्या.

आणि त्या एका वाक्याने थोरलीचं टाळकं सटकलं. नऊ वर्षं ती जे गिळत आली होती ते वर आलं. मिठूने ते रडकं केलं, या लोकांनी ते हसरं केलं, आणि जिच्यावर बेतलं तिने मात्र दोन्ही वेळा गप्प बसून घड्या घालायच्या?

"तुम्हाला खरं ऐकायचंय?" ती म्हणाली. "मिठू, तूही ऐक, कारण तुझ्या गोष्टीत हे नाही. मुलगी झाल्यावर मी त्या नर्सला सांगितलं, मला बरं वाटत नाही, अंगावरून फार जातंय. ती म्हणाली, होतंच. ती गेली. खोलीत आई होत्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, आई, कुणाला तरी बोलवा, मला काहीतरी होतंय. आणि आई मला काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, 'सगळ्यांनाच होतं. ओरडू नकोस, बाहेर लोक आहेत.'"

टेबलाशी एकाचाही हात हलेना.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मी असं म्हणाले?"

"हो. मग मी ओरडले नाही. डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांनी पांघरूण उचललं आणि मग पळापळ झाली. तेव्हा चादरी लागल्या."

"मी असं म्हणणंच शक्य नाही! रात्रंदिवस तुझ्या उशाशी बसले मी. खिमट भरवल्यासारखं तुला चमच्याचमच्याने पाणी पाजलं!"

"पाजलंत. ते मी विसरले नाही. पण हेही म्हणालात."

"अगं, तेव्हा तू शुद्धीत तरी होतीस का? काहीतरी ऐकलं असशील." सासूबाई उठल्या आणि टेबलाला वळसा घालून मिठूच्या शेजारी जाऊन बसल्या. मघाशी सुनेच्या बाजूने असलेल्या त्या आता लेकीच्या गोटात गेल्या होत्या. "बरं झालं मिठूने लिहिलं ते. निदान तिने तरी मला खुनी ठरवलं नाही."

"खुनी कुठे म्हणाले मी!"

"आई, तसं नाही म्हणत ती," नवरा म्हणाला, आणि थोरलीला वाटलं, आला बाई एकदाचा. पण तो लगेच पुढे म्हणाला, "तसं आईचंही बरोबर आहे."

थोरलीने डोळे मिटून घेतले. या माणसांपुढे डोकं फोडून घ्यायचं तर टेबलसुद्धा यांचंच.

"आई," खिडकीतून धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "सकाळी मलाही तुम्ही हेच म्हणालात."

"काय म्हणाले?"

"मी म्हटलं, डोकं फार दुखतंय. तुम्ही म्हणालात, सगळ्यांनाच होतं."

थोरलीने मान वळवली आणि त्या दुपारी पहिल्यांदा आपल्या जावेकडे नीट पाहिलं. चेहरा सुजलेला होता. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. बोटातली अंगठी दिसत नव्हती, तिचा वळ तेवढा होता.

"काय होतंय तुला?" ती जावेपाशी जाऊन खाली बसली. "नीट सांग."

"काही नाही, ताई. कालपासून डोकं. आणि इथे वर, बरगडीखाली दुखतंय. मधेच डोळ्यांपुढे ठिणग्यांसारखं चमकतं. तुमचं सगळ्यांचं महत्त्वाचं चाललं होतं, म्हटलं मध्ये कशाला..."

मिठू ताडकन उभी राहिली. तिच्या मांडीवरचे रुमाल खाली सांडले.

"डोकं, डोळे, सूज, बरगडीखाली दुखणं," ती पुटपुटली. "वहिनी, पोस्टर आहे आमचं. मी केलंय. मीच केलंय ते! 'यातलं एकही असेल तर लगेच दवाखाना.' महिनाभर रोज टाकतेय मी ते."

"आणि कालपासून ही तुझ्यासमोर बसलीय," थोरली म्हणाली. मग जीभ चावून म्हणाली, "माझ्याही. चला, उठा. बाबा, व्हॅन काढा."

"व्हॅनमध्ये कपडे आहेत," बाबा म्हणाले.

"बाबा!"

बाबा धावले.

व्हॅनमध्ये हँगरला लटकलेले दुसऱ्यांचे कोट आणि झगे वळणावळणावर तोंडावर येत होते. थोरली एका हाताने ते सारत होती आणि दुसऱ्या हाताने धाकटीचं डोकं धरून बसली होती. सासूबाई समोर होत्या. नवरा पुढे बाबांशेजारी बसला होता. मिठू खाली, इस्त्री केलेल्या पडद्यांवर बसली होती.

"मी ते काढून टाकते, वहिनी," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"काढू नकोस. पळून गेल्यासारखं दिसेल. त्याखाली लिही, ही गोष्ट माझी नाही, माझ्या वहिनीची आहे आणि तिला न विचारता घेतली. माझं काय ते पुढे मी लिहीन. मला हवं तेव्हा, हवं तसं."

मिठूने मान डोलावली. व्हॅन हलत होती, तरी तिने तेवढं लिहिलं आणि पाठवून दिलं. तिला त्याचं काय मोल मोजावं लागणार होतं हे थोरलीला कळत होतं. पण त्या घटकेला तिला मिठूची कीव करायला फुरसत नव्हती.

दवाखान्यात काउंटरवरची नर्स फोनवर बोलत होती. तिने हातानेच बाकाकडे खूण केली. फोन संपल्यावर म्हणाली, "रविवार आहे. डॉक्टर वर आहेत, येतील. बसा."

"हिचं डोकं कालपासून दुखतंय. डोळ्यांपुढे चमकतंय. आठवा संपतोय. हिचं प्रेशर बघा," थोरली म्हणाली.

"शेवटी शेवटी होतंच असं. पाणी पाजा, बसा."

होतंच असं. थोरली काउंटरवर पुढे वाकली. नवरा तिच्या कोपराला हात लावून हळूच म्हणाला, "अगं, त्यांचंही बरोबर आहे, रविवार..." आणि तिच्याकडे बघून त्याने वाक्य तिथेच सोडलं.

"आत्ता बघा!" ती ओरडली. दालनातली सगळी माणसं वळून बघायला लागली. "मशीन तुमच्या मागे टेबलावर आहे, मला इथून दिसतंय. आत्ता बघा!"

"ओरडू नका, इथे लोक आहेत," नर्स म्हणाली.

थोरलीने सासूबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. "असू देत लोक! मी ओरडणारच. तुम्ही बघेपर्यंत ओरडणार!"

नर्सने मशीन आणलं ते केवळ हिचं तोंड बंद व्हावं म्हणून. तिने पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा गुंडाळला. दुसऱ्यांदा आकडा पाहिल्यावर ती एक शब्द न बोलता जिन्याकडे पळाली. पुढचं सगळं भराभर झालं. चाकांची खुर्ची आली, डॉक्टर आले, प्रेशर फार वाढलंय, झटके यायचा धोका आहे, औषध सुरू करतोय, बाळ बहुतेक आजच काढावं लागेल, असं चालता चालताच म्हणाले. धाकटीने जाताना थोरलीचा हात धरला होता, तो दाराशी सोडवून घ्यावा लागला.

नवरा भावाला फोन लावायला बाहेर गेला. बाबा व्हॅन नीट लावायला म्हणून गेले, पण काचेतून ते दिसत होते. व्हॅनला टेकून नुसते उभे होते.

बाकावर तिघी उरल्या. बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "मी खरंच तसं म्हणाले होते?"

"हो, आई."

"मला आठवत नाही गं."

"मला आठवतं."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. समजूत घालावी असं थोरलीला वाटलं आणि घालू नये असंही वाटलं. शेवटी तिने नुसता आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

मिठूचा फोन वाजला. चळवळीच्या मुख्य बाई होत्या. घाईत मिठूकडून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि त्यांचा आवाज सगळ्या दालनात घुमला. "अगं, हे काय लिहून बसलीस? लोक तुटून पडलेत! सहा वाजायला आलेत, कुठे आहेस?"

"दवाखान्यात. माझ्या धाकट्या वहिनीला आत नेलंय. प्रेशर वाढलं. आम्हाला कळलंच नाही..."

पलीकडचा आवाज बदलला. "बापरे. बरी आहे ना ती? हे बघ, मिठू. तिथूनच लाइव्ह ये. हे तर तुझ्या डोळ्यांदेखत घडतंय, याला कोण खोटं म्हणेल? आत्ता सांगितलंस तर किती बायका वाचतील, विचार कर."

मिठूने फोन छातीशी दाबून धरला आणि थोरलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्यामागे दुसरंही काहीतरी होतं. थोरलीला ते ओळखू आलं. लबाडी नव्हती ती. या पोरीला खरोखरच जग वाचवायचं होतं, हाच तर ताप होता.

"वहिनी, या वेळी 'मी' म्हणणार नाही. 'माझी वहिनी' असंच सांगेन. सांगू?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

"ती आत आहे."

"मग थांब."

"सहा वाजून जातील."

"जाऊ देत."

मिठूने फोन कानाला लावला. "मी येत नाही, बाई," ती म्हणाली. "ती गोष्ट माझी नव्हती. हीसुद्धा नाही." पलीकडून बरंच काही ऐकू येत होतं. तिने फोन बंद केला आणि थोरलीच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

समोरचं दार बंद होतं. त्यावरच्या काचेला आतून कागद चिकटवला होता, त्यामुळे काही दिसत नव्हतं. कुणीतरी आत घाईने चाललेलं ऐकू आलं, मग तेही थांबलं.

"आणि उद्या ती नको म्हणाली तर?" सासूबाईंनी विचारलं. "सांगू नका कुणाला, असं म्हणाली तर?"

"तर नको," थोरली म्हणाली. तिची नजर दारावरून हलत नव्हती, आणि दुपारपासून चढलेला तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "पण नको म्हणायला तरी ती बाहेर येऊ दे, आई."